बाईची सायकल आणि कर्जत-खालापूरच्या वाटा

सायकलच्या दुकानात बाई शिरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मुलासाठी बघताय का ताई?" स्वतःसाठी म्हटलं की दुकानदार कोपऱ्याकडे वळतो. तिथे वाकवलेल्या दांडीच्या, पुढे बास्केट लावलेल्या जांभळ्या-गुलाबी लेडीज सायकली ओळीने उभ्या असतात. गिअरची हवी, डोंगराकडच्या कच्च्या रस्त्यावर चालवायची आहे असं सांगितलं, की तो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेतो आणि अठरा इंची फ्रेमची, जाडजूड टायरची, पुढेमागे शॉकअप असलेली भडक सायकल समोर ओढतो. पहिली चढाला निकामी, दुसरी अंगाला निकामी. या दोहोंच्या मध्ये बाईने नेमकं काय घ्यावं, एवढाच या लेखाचा विषय.

तो कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांपुरता घेतला, कारण सायकल जमिनीवर ठरते. रायगड म्हटलं की लोकांना अलिबाग-मुरूडचा किनारा दिसतो. हे दोन तालुके समुद्रापासून आत, थेट सह्याद्रीच्या पायथ्याला. कर्जतकडे उल्हास नदीचं खोरं, खालापूरकडे पाताळगंगेचं. खाली भातखाचरं, मध्ये माथेरानचा डोंगर, सोंडाई, इर्शाळगड, आणि पूर्वेला ढाक, राजमाची, भीमाशंकरची उभी भिंत. माथेरान समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेवर, आणि त्यांच्या पायथ्याची नेरळ-खोपोली जेमतेम शंभराच्या आत. म्हणजे इथला रस्ता एक तर सपाट असतो, नाही तर सरळ वर जातो. पृष्ठभागही बदलता. कर्जत-मुरबाड रस्त्याचं डांबर सोडून एखाद्या ठाकूरवाडीकडे वळलं की आधी सिमेंटचा पट्टा, मग मुरूम, मग सुटे गोटे, मग ओढा, आणि पलीकडे बांधावरून पायवाट. अर्ध्या तासात हे सगळं चाकाखालून जातं.

या वाटांवर सायकल चालवणाऱ्या बायका एका प्रकारच्या नाहीत. शनिवार-रविवारी पनवेल, बदलापूर, नवी मुंबईहून हेल्मेट घालून येणाऱ्या आहेत. कर्जत, नेरळ, खोपोलीत राहून सकाळी तासभर व्यायामाला निघणाऱ्या शिक्षिका, नर्स, दुकान सांभाळणाऱ्या आहेत. आणि वाडीवरून शाळा-कॉलेजला येणाऱ्या मुली आहेत, ज्यांना हौस म्हणून नव्हे तर एसटी वेळेवर नाही म्हणून सायकल लागते. बाजार पहिल्या गटासाठी बोलतो, कारण पैसा तिथे आहे. मला तिसऱ्या गटाचा हिशेबही यात धरायचा आहे.

आधी 'लेडीज' या गोष्टीचा निकाल लावू. दांडी खाली वाकवण्याचा संबंध शरीराशी कधीच नव्हता, तो कपड्यांशी होता. लुगडं, साडी, स्कर्ट घालून पाय पलीकडे टाकता यावा म्हणून ती वाकली. साडी नेसून रोज बाजारात जायचं असेल, मागे पोर बसवायचं असेल किंवा गुडघा दुखत असेल, तर ती सोय आजही सोयच आहे. पण गरज काय आहे हे बायकांना दुकानदारापेक्षा चांगलं कळतं, याचं उत्तम उदाहरण तमिळनाडूतलं आहे. १९९१ च्या सुमारास पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती मोहीम उचलून धरली होती. मागणी इतकी वाढली की लेडीज सायकली पुरेनात, म्हणून बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. आणि मग कित्येकींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर पोर बसवता येतं. पी. साईनाथ यांनी हे सगळं टिपलं आहे. 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने त्यांचं पुस्तक मराठीत आलेलं असल्याने पुष्कळांनी ते वाचलंही असेल.

डोंगरी सायकलींच्या जगात हाच वाद वेगळ्या वाटेने गेला. कॅलिफोर्नियातल्या मारिन काउंटीत सत्तरच्या दशकात जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडून देणाऱ्या टोळक्यातून हा खेळ जन्मला. १९७६ पासून तिथे 'रीपॅक' नावाची उताराची शर्यत होऊ लागली. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग ही बाई पहिल्यापासून होती, आणि त्या काळाची बरीचशी छायाचित्रं तिनेच काढलेली आहेत. १९८५ मध्ये अमेरिकेतल्याच जॉर्जिना टेरी यांनी बायकांसाठी सायकली बांधायचा कारखाना काढला. ठेंगण्या बाईला फ्रेम बसावी म्हणून त्यांनी पुढचं चाक लहान केलं होतं. पुढे मोठ्या कंपन्यांनी ही कल्पना उचलली, मात्र एक गृहीतक पकडून: बायकांचे पाय लांब आणि धड आखूड, म्हणून फ्रेमही आखूड. दोन दशकं या समजावर वेगळ्या फ्रेमी विकल्या गेल्या. नंतर हजारो चालकांची मापं संगणकावर जमा झाली, तेव्हा दिसलं की बाई आणि पुरुष यांच्यात जेवढा फरक आहे त्याहून जास्त फरक दोन बायकांमध्ये किंवा दोन पुरुषांमध्ये असतो. स्पेशलाइज्डने, ट्रेकने गेल्या दशकाच्या अखेरीस वेगळ्या बायकी फ्रेमींचा नाद बहुतांशी सोडला. जायंट कंपनीचा २००८ पासूनचा 'लिव्ह' हा ब्रँड मात्र अजून फक्त बायकांसाठीच सायकली बनवतो, आणि त्या वाईट नाहीत. माझं मत पहिल्या बाजूला झुकतं. फ्रेमला लिंग नसतं, माप असतं. बाईच्या अंगाला जिथे सायकल टेकते त्या तीन जागा, म्हणजे सीट, हँडल आणि ब्रेकची मूठ, तेवढ्या तिच्या हव्यात.

आणि माप म्हटलं की आपल्याकडचं खरं दुखणं सुरू होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतीय बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. अशा बाईच्या पायाची आतली उंची, म्हणजे टाचेपासून जांघेपर्यंतचं अंतर, साधारण ६८ ते ७० सेंटिमीटर भरतं. दुकानात सर्रास उभी असलेली एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, १७ किंवा १८ इंची फ्रेमची असते आणि तिची दांडी जमिनीपासून ७५ सेंटिमीटरच्या वर. डांबरी रस्त्यावर हे निभावून जातं. मुरमाच्या चढावर मात्र चाक गोट्याला अडून सायकल जागच्या जागी थांबते, तेव्हा दोन्ही पाय एकदम खाली येतात आणि मध्ये दांडी असते. ही इजा काय असते ते झालेलीलाच ठाऊक, आणि ती कुणाला सांगतही नाही.

म्हणून माप घरून काढून निघा. भिंतीला पाठ लावून, रोजचे बूट घालून उभं राहायचं, एक जाडसर वही पायांच्या मध्ये घट्ट वर दाबायची आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. कच्च्या रस्त्यासाठी दांडी या आकड्याच्या निदान पाच सेंटिमीटर खाली हवी. पाच फुटांच्या बाईला याचा अर्थ १३ ते १४ इंची फ्रेम, कंपनीच्या भाषेत एक्सएस, फार तर उतरत्या दांडीची एस. पाच फूट तीन-चार इंचांच्या बाईला १५ ते १६ इंची पुरते. एका कंपनीची एस दुसरीच्या एम इतकी असू शकते, म्हणून अक्षरावर जाऊ नका, दांडी दोन पायांमध्ये घेऊन उभं राहून बघा. उतरत्या दांडीचा फायदा इथेच असतो. लेडीज फ्रेम न घेताही पाय टेकतो.

चाकाबद्दल एक वाक्य पुरे झालं असतं, पण हल्ली सगळीकडे २९ इंची चाकाचा गाजावाजा आहे. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं हे खरं. मात्र लहान फ्रेममध्ये ते बसवताना कंपन्यांची ओढाताण होते, हँडल उंच जातं, वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. सव्वापाच फुटांखाली २७.५ इंची, किंवा जुनं साधं २६ इंची चाकच बरं. २६ ची ट्यूब कर्जतच्या बाजारातही मिळते. २९ ची मिळेलच असं नाही.

सीट खाली करून दोन्ही पाय सपाट टेकवायची सवय आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकीला असते. त्याने भीती जाते आणि गुडघे जातात. चढावर सीट उंच हवी, पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला. उतारावर, विशेषतः सुट्या खडीवर, तीच सीट चार बोटं खाली घ्यावी. त्यासाठी सीटच्या नळीला पान्ह्याने आवळायचा बोल्ट नको, हाताने उघडणारी खिट्टी हवी. बोल्ट असेल तर तो शंभर-दोनशे रुपयांत बदलून मिळतो.

आता गिअर. या भागात हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि दुकानात याच्याबद्दल सगळ्यात खोटं बोललं जातं. "एकवीस गिअर आहेत मॅडम" हे वाक्य निरर्थक आहे. किती गिअर आहेत याला महत्त्व नाही, सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे याला आहे. दात मोजा. एकवीस गिअरच्या बहुतेक सायकलींना पुढची सगळ्यात लहान चकती २४ दातांची असते. मागची सगळ्यात मोठी कधी २८ दातांची असते, कधी ३४. दिसायला दोन्ही सारख्याच. पण २४ ला २८ लावलं तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.८ मीटर पुढे जाते, ३४ लावलं तर सुमारे दीड मीटर. हा फरक नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे जाणाऱ्या घाटात कळतो. तिथे आठ-नऊ किलोमीटरांत साधारण सातशे मीटर चढायचं असतं. ताशी पाच किलोमीटरने चढताना ३४ दातांवर मिनिटाला पंचावन्न फेरे पडतात, म्हणजे पाय फिरत राहतो. बिनगिअरच्या लेडीज सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतात, एका फेऱ्याला पाच मीटर. तोच वेग राखायला मिनिटाला सोळा-सतरा फेरे, म्हणजे प्रत्येक फेरा उभं राहून अंगाच्या वजनाने दाबायचा. थोड्याच वेळात बाई उतरते आणि सायकल ढकलू लागते. मग ती म्हणते, आपल्यात दम नाही. दम असतो, दात कमी पडतात.

ज्यांचा हात थोडा सैल आहे त्यांच्यासाठी हल्ली पुढे एकच चकती आणि मागे नऊ-दहा अशी रचना येते. पुढे ३०, मागे सगळ्यात मोठी ४६, म्हणजे गिअर आणखी हलका आणि डाव्या हाताला गिअरचं काम नाही. शिकणाऱ्या बाईला हे फार सोपं पडतं. चेनही कमी वेळा निसटते. पैसे असतील तर इथे घालावेत.

शाळेच्या मुलींचं काय? राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. मुलीची सायकल म्हणजे एवढ्या किमतीची वस्तू, असा सरकारचा आणि घरोघरीचा हिशेब त्यातून कळतो. या पैशात गिअर येत नाही, चांगला तर नाहीच. पण दोन-चारशे रुपयांची एक दुरुस्ती गावातला मेकॅनिकही करू शकतो. मागचं १८ दातांचं फ्रीव्हील काढून २२ दातांचं बसवायचं आणि चेनला दोन कड्या वाढवायच्या. चढ जवळपास एक पंचमांशाने हलका होतो. सपाटीवर वेग थोडा घटतो, पण खांद्यावर दप्तर असलेल्या मुलीला त्याचं काही वाटत नाही. अशा मुलीला एमटीबीच्या धाटणीची स्वस्त सायकल घेऊन देऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन. तिला मडगार्ड नसतं, कॅरिअर नसतं, चेनकव्हर नसतं. पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो आणि ओढणी चेनमध्ये जाते. ओढणी चेनमध्ये किंवा चाकात जाणं ही गमतीची गोष्ट नाही, तिने गळा आवळतो. सायकलवर ओढणी कमरेला बांधावी, किंवा घरीच ठेवावी.

ब्रेकबद्दल कंजुषी नको. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि उतार लांब आहेत. रिमला रबर घासणारे ब्रेक लाल चिखलात निम्मे होतात, म्हणून डिस्क हवी. डिस्कमध्येही दोन जाती. तारेने ओढली जाणारी यांत्रिक आणि तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक. यांत्रिक डिस्क गावात दुरुस्त होते, हायड्रॉलिकचं तेल बदलायला पनवेल किंवा नवी मुंबई गाठावी लागते. तरीही बाईसाठी मी हायड्रॉलिकच सांगेन, कारण ती एका बोटाने लागते. लहान हातांची बाई यांत्रिक ब्रेक तीन-चार बोटांनी आवळत उतरते, पाच मिनिटांत मनगटं भरून येतात आणि शेवटच्या वळणाला मूठ सुटते. दुकानात मूठ नीट बघा. तर्जनीचं पहिलं पेर ब्रेकच्या दांडीवर सहज टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर बहुतेक दांड्यांना एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून दांडी हँडलजवळ आणता येते. हा स्क्रू कितीतरी दुकानदारांना माहीत असतो, पण ते आपणहून फिरवत नाहीत. सांगून फिरवून घ्या.

शॉकअपवर मात्र भरपूर कंजुषी करा. दहा-बारा हजारांच्या सायकलला मागे शॉकअप लावलेला दिसला की तिथून निघायचं. त्या लोखंडाने सायकल अठरा किलोच्या पुढे जाते आणि पायडल मारलं की निम्मा जोर स्प्रिंग खाते. पुढच्या शॉकअपचीही एक गंमत आहे. स्वस्त फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, जी स्प्रिंग असते ती सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाचा हिशेब धरून बसवलेली असते. ४८ किलोची बाई बसली तर ती दबतच नाही. म्हणजे दोन-अडीच किलो वजन फुकट वाहायचं आणि हादरे मनगटातच घ्यायचे. परीक्षा सोपी आहे. सायकलवर नुसतं बसा. शंभर मिलिमीटरचा फोर्क तुमच्या वजनाने निदान पंधरा-वीस मिलिमीटर खाली गेला पाहिजे. गेला नाही तर तो शोभेचा. हवेवर चालणारा फोर्क पंपाने आपल्या वजनाला बसवता येतो आणि हलकाही असतो, पण तो साधारण चाळीस हजारांच्या पुढच्या सायकलींना मिळतो. तेवढं बजेट नसेल तर बिनशॉकअपचा सरळ फोर्क आणि रुंद टायर ही जोडी या भागात अधिक शहाणपणाची. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

खरा शॉकअप टायरमध्ये असतो, आणि तो आपण पंक्चरवाल्याच्या हातात देऊन बसतो. कर्जत-चौक रस्त्यावरचा पंक्चरवाला ट्रकला हवा मारणाऱ्या नळीने सायकलमध्येही पन्नास-साठ पीएसआय भरतो. टायर दगडासारखा होतो आणि मुरमावर उडतो. टायरच्या कडेला कमीतकमी आणि जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो. पन्नास किलोच्या बाईने त्यातला कमी आकडा धरावा, २.१ किंवा २.२५ इंची टायर असेल तर तिशीच्या आसपास पुष्कळ. त्याहून फार खाली मात्र नको, नाहीतर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. आणखी एक. महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक, लांबट वॉल्व्ह असतो. त्याला गावातली नळी बसत नाही. पितळेचं एक अडॅप्टर येतं, ते कीचेनला लावून ठेवा.

सीटबद्दल बायका आपसात बोलतात, दुकानात बोलत नाहीत. बाईच्या माकडहाडाजवळच्या बसायच्या दोन हाडांमधलं अंतर सहसा पुरुषापेक्षा जास्त असतं. अरुंद सीटवर ही हाडं बाहेर राहतात आणि सगळा भार मध्ये, नाजूक जागी येतो. १४५ ते १५५ मिलिमीटर रुंदीची, मध्ये खाच असलेली, आखूड नाकाची सीट पुष्कळजणींना मानवते. गादीसारखी मऊ सीट घ्यायचा मोह होतो, पण अर्ध्या तासानंतर जेल दबतं आणि कडा मांड्यांना घासतात. सीट थोडी टणक आणि आत पॅड असलेली चड्डी, हीच जोडी टिकते. ती चड्डी थेट अंगावर घालायची असते, आत दुसरं काही नाही. शिवणीने कातडं सोलवटतं, म्हणून. वरून सैल ट्रॅकपँट घातली की वाडीवरून जाताना कुणी बघत राहत नाही. सीटचं नाक केसभर खाली झुकवा. एवढं करूनही टोचत असेल तर सीट बदला, सोसू नका.

वजन उचलून बघणं फार महत्त्वाचं. पुरुष पत्रकातला आकडा वाचतात. बाईने सायकल खांद्यापर्यंत उचलून पाहावी, कारण इथे ओढा येतो, साकव येतो, रेल्वेचा पूल येतो. स्टेशनवर उतरून लगेजच्या डब्यातून सायकल काढायची तर गर्दीत ती स्वतःच उचलावी लागते. पन्नास किलोच्या बाईसाठी सोळा किलोची सायकल म्हणजे तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा. चौदाच्या आत मिळाली तर उत्तम.

किमतींचा ढोबळ हिशेब असा. बारा हजारांखाली एमटीबी नाव असलेलं जे मिळतं ते दिसायला एमटीबी असतं. अठरा ते तीस हजारांत हर्क्युलिस, हीरो, फायरफॉक्स, डेकॅथलॉनची रॉकरायडर यांच्यात चालण्यासारख्या सायकली आहेत. या पट्ट्यात नावापेक्षा लहान फ्रेम कुणाकडे आहे हे आधी विचारा, निवड आपोआप दोन-तीनवर येते. चाळीसच्या पुढे हवेचा फोर्क आणि हायड्रॉलिक ब्रेक एकत्र मिळू लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, बिलात तो बघून घ्या. जुनी घेण्यातही शहाणपण आहे. २०२० च्या टाळेबंदीत शहरांत सायकलींवर उड्या पडल्या होत्या. त्यातल्या कितीतरी आज सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. घेताना फ्रेमचे वेल्डिंगचे सांधे, फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरचा गंज, चाकाला आउट आहे का, आणि मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीला लटकतो ती वाकलीय का, एवढं पाहायचं. ती पट्टी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. नवी सायकल घेतानाच एक जास्तीची मागून घ्या.

बॅटरीवाल्या सायकलींबद्दल थोडक्यात. २५० वॉटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरला थांबणारी असेल तर नोंदणी-लायसन लागत नाही. घाट सोपा होतो, पण वजन वीस किलोच्या पुढे असतं. बॅटरी संपल्यावर तेच वजन ओढ्यातून उचलायचं असतं. रोज ठरलेल्या रस्त्याने नोकरीला जाणारीने घ्यावी, डोंगरात भटकणारीने नको.

सायकल घेतली, आता न्यायची कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. खोपोलीहून वर जायचं तर जुन्या महामार्गाने, शिंग्रोबाच्या देवळावरून. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ज्या चढावर 'घाटाचा राजा' ठरत आला, तो हाच बोरघाट. शिकाऊ बाईने इथून सुरुवात करू नये, अवजड गाड्यांचा त्रास आहे. कर्जत-कोंदिवडे रस्ता, कडाव-कशेळे भागातले आतले रस्ते, चौकहून मोरबे धरणाकडचा परिसर हे सकाळी शांत असतात. राजमाचीला कोंदिवड्याहून चढणारी वाट पायी जायची आहे, तिथे सायकल खांद्यावर येते. सायकलने जायचं तर लोणावळ्याकडून उधेवाडीला येणारा कच्चा रस्ता. तो डिसेंबरात सुरेख असतो आणि जुलैत नसतो. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात मनाईहुकूम निघतात, ते पाळावेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तो याच खालापूर तालुक्यात. हे डोंगर पावसात काय करतात हे त्यानंतर वेगळं सांगायला नको. माथेरानच्या भोवतीचा पट्टा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे, भीमाशंकरकडे अभयारण्य लागतं. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय पायवाटांवर चाक घालू नये. आणि वाडीच्या वाटा या मुळात डोक्यावर मोळी, हंडा घेतलेल्या बायकांच्या आहेत. समोरून कुणी आलं तर सायकलवालीने उतरून बाजूला व्हायचं.

एकटीने जाणं ही गोष्ट या भागात अशक्य नाही, रोज होते. तरी निघताना कोणत्या रस्त्याने जातोय हे घरी सांगावं, मोबाइलला रेंज नसणाऱ्या खोऱ्यात अंधार करू नये, ११२ हा मदतीचा क्रमांक लक्षात ठेवावा. सगळ्यात मोठी सुरक्षितता म्हणजे पंक्चर स्वतः काढता येणं. संध्याकाळी आडरस्त्याला अडकलेल्या बाईला मदत मागावी लागते, आणि तिथेच तिचा जीव धाकधूक करतो. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, षटकोनी किल्ल्यांचा जुडगा, एवढं सीटखालच्या पिशवीत मावतं. घरी दोनदा ट्यूब बदलून बघितली की हात बसतो. पावसातून आल्यावर सायकल धुवायला सर्व्हिस स्टेशनच्या फवाऱ्याखाली धरू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. बादली आणि फडकं पुरतं, मग चेन कोरडी करून तेलाचा एकेक थेंब.

राष्ट्रीय पातळीवर डोंगरी सायकलिंगमध्ये महाराष्ट्राच्या मुली मागे नाहीत. संगमनेरच्या प्रणिता सोमण यांचं नाव या खेळात त्यासाठीच घेतलं जातं. २०२३ मध्ये डोंगरी सायकलिंगची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळात पोनमुडीला भरली, म्हणजे हा खेळ आता परदेशातलाच राहिलेला नाही. कर्जतच्या डोंगरात अशा मुली निघायला चढाची कमतरता नाही. कमतरता लहान फ्रेमची आहे.

म्हणून कर्जत, नेरळ, चौक, खोपोलीच्या सायकल दुकानदारांना एकच विनंती. निदान एक १४ इंची फ्रेमची, मागे ३४ दातांची गिअरची सायकल जोडून, हवा भरून दुकानाबाहेर ठेवा, आणि येणाऱ्या ताईला ती रस्त्यावर एक चक्कर मारून बघू द्या.